सतराव्या दिवसाचा निळा उजेड

माझा नवरा गेल्यावर सतरा दिवस त्याचे डोळे आमच्याकडं होते, आणि सहाव्या दिवसापासून मी रोज सकाळी त्यांच्याशी बोलायचे. हे सांगितलं की लोक माझ्याकडं जरा बघतात आणि विषय बदलतात. बदलू देत. अख्खे डोळे नव्हते ते. नुसती बुबुळावरची पारदर्शक पटलं, नखाएवढी, दोन डोळ्यांची दोन. पण ज्यांच्यातून एक माणूस तीस वर्षं माझ्याकडं बघत होता, ते त्याचे डोळेच की.

मी सुचेता मगदूम. मिरजेतल्या एका टिश्यू बँकेत बावीस वर्षं काम करते. दानात आलेली त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा, नेत्रपटलं आम्ही सांभाळतो, तपासतो आणि ज्याला हवीत त्याच्यापर्यंत पोचवतो. माझा दिवस जातो तो उबेच्या खोलीत. तिथं बारा महिने अंगाएवढी ऊब आणि डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. फळ्यांवर ओळीनं काचेच्या बशा, प्रत्येकीत कुणाचा तरी एक तुकडा, न मेलेला. चपला बाहेर काढा असं कुणी सांगितलेलं नाही, तरी सगळे काढतात. आत गेलं की माणूस आपोआप हळू बोलतो.

या खोलीला आम्ही जागवणी म्हणतो. पूर्वी काय व्हायचं, दात्याचं रक्त तपासायचे, रोगाच्या खुणा सापडल्या नाहीत की दान पुढं पाठवायचे. पण विषाणू अंगात शिरला की लगेच रक्तात दिसत नाही. काही दिवस, काही आठवडे दबून असतो, आणि नेमका त्याच दिवसांत माणूस गेला तर तपासणी म्हणते, सगळं ठीक. काही विषाणू तर रक्तात फिरकतच नाहीत, नसानसांतून सरकत जातात. मग एकाचं दान दुसऱ्याच्या जिवावर. असं फार क्वचित व्हायचं म्हणतात. ज्याच्या वाट्याला आलं त्याला त्या क्वचितचा काय उपयोग?

सात वर्षांपूर्वी जागवणी आली. आता दान आलेली ऊती एकवीस दिवस जिवंत ठेवतात. ती ज्या द्रवात असते त्यात प्रयोगशाळेत वाढवलेल्या पहारेकरी पेशी सोडतात. या पेशी मुद्दाम दुबळ्या केलेल्या असतात. कुठलाही विषाणू त्यांच्यात सहज शिरतो, आणि शिरला की पेशी उजळते, काजवा उजळतो तशी. अधूनमधून खोली दोन अंशांनी तापवायची, म्हणजे ऊतीला ताप आल्यासारखं वाटतं आणि दबून बसलेला विषाणू हलायला लागतो. काविळीच्या घराण्याला पिवळा उजेड, नागिणीच्या घराण्याला हिरवा, रेबीजच्या घराण्याला निळा. एकवीस दिवस अंधार राहिला तर दान मोकळं. सात वर्षांत मी पिवळा पुष्कळ पाहिला, हिरवा तर विचारूच नका. निळा एकदाही नाही.

भूपाल स्कूटरवरून पडला आणि डोक्याला मार लागून तासाभरात गेला. आमचं लग्न कॉलेजातलं, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायचे. मूलबाळ नाही. जे काय होतं ते आम्ही दोघंच. नेत्रदानाच्या कागदावर त्यानं आधीच सही केलेली होती, त्यामुळं प्रश्न विचारायला आमची डॉक्टर शाहीन इनामदार स्वतः आली. चाळीस प्रश्न असतात. कसली व्यसनं, कुठले प्रवास, कुठली आजारपणं. नियम असा, की दोन माणसांना विचारायचं, एक घरातलं आणि एक घराबाहेरचं. कारण घरातलं माणूस गेलेल्याबद्दल चांगलंच सांगतं. हा नियम नव्या पोरींना शिकवते कोण? मीच.

"ताई, गेल्या वर्षभरात कुत्रं, मांजर, माकड चावलंय, ओरबाडलंय?" शाहीननं विचारलं.

"नाही."

"दुसरं कुणी विचारण्यासारखं? मित्र, भाऊ?"

"शाहीन, तीस वर्षं संसार केलाय मी. त्याच्या बनियनला भोक कुठं आहे तेही मला ठाऊक आहे. नाही म्हणून लिही आणि सही घे."

तिनं घेतली. मी तिच्यापेक्षा वयानं मोठी, समोर नवरा पडलेला. ती तरी काय बोलणार?

सहाव्या दिवशी मी कामावर आले. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा हे बरं. बशांवर नावं नसतात, फक्त क्रमांक आणि वेळ, पण त्या दिवशी त्या वेळेला दुसरं कुणाचं दान आलंच नव्हतं. मग मी रोज पहिल्यांदा त्याच्याकडं जायचे. आज भाजीवाल्यानं तुझी चौकशी केली. आज गॅस संपला आणि मला रेग्युलेटर बसवता आला नाही. असलंच काहीतरी. त्या अंधारात मला कधीकधी वाटायचं, की आम्ही दोघं उन्हाळ्यात गच्चीवर पडलोय आणि तो नेहमीसारखा ऐकता ऐकता झोपून गेलाय. ते दिवस वाईट नव्हते, खरंच सांगते.

सतराव्या दिवशी मी दार लोटून आत गेले आणि त्याच्या फळीवर उजेड होता. आधी मला वाटलं कुणी मोबाइल विसरलं. जवळ गेले. दोन्ही बशांमध्ये काठाकाठानं निळं काहीतरी पसरत होतं, पाण्यात शाई उतरते तसं, आणि मधोमध ती दोन पटलं शांत होती. फार सुंदर दिसत होतं ते. मी किती वेळ बघत उभी राहिले मला माहीत नाही. इतके दिवस मीच बोलत होते, आज त्यानं उत्तर दिलं असं वाटलं. मग त्या रंगाचा अर्थ डोक्यात शिरला आणि मी खाली बसले.

शाहीननं दोनदा तपासून पाहिलं. रेबीजच. ती माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसली.

"ताई, नेत्रपटलापर्यंत पोचला म्हणजे मेंदूतून परत फिरून आलेला असतो. अपघात झाला नसता तरी चार-आठ दिवसांत... शेवटी शेवटी काही म्हणत होते का?"

उजव्या हाताला मुंग्या येतात म्हणत होता. चार दिवस म्हणत होता. मी म्हटलं होतं, हात अंगाखाली घेऊन झोपतोस, दुसरं काय होणार.

ही दोन पटलं दोघांना जायची होती. नावं आम्हाला कळत नाहीत, वयं कळतात. एक अकरा वर्षांची होती, एक बेचाळीसचा. माझ्या एका 'नाही'च्या भरवशावर जुन्या काळी ती तिसऱ्या दिवशीच गेली असती.

"कुठं चावलं असेल?" शाहीन म्हणाली. "कारण त्या कुत्र्याजवळ आणखी कुणी असेल तर त्याचे दिवस भरत आलेत. लक्षणं दिसायच्या आधी लस मिळाली तर वाचेल. एकदा दिसली की संपलं. मी आरोग्य खात्याला कळवते, ते शोध घेतील. चार दिवस तरी लागतील त्यांना."

"चार दिवस फार होतात," मी म्हटलं.

तिनं मला आधी लस टोचली. आम्हा बँकेतल्या माणसांना ती पूर्वीच दिलेली असते, त्यामुळं दोनच डोस पुरतात. मग मी घरी आले आणि भूपालचं घड्याळ कपाटातून काढलं.

तो रोज पहाटे फिरायला जायचा, कृष्णेच्या बाजूला. पँटला कुत्र्याचे केस लागलेले असायचे. मी ओरडायचे, तो हसायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ते घड्याळ मनगटाला बांधलं आणि 'नेहमीची वाट' दाबलं. ही घड्याळं बोलत नाहीत. डावीकडं वळायचं असलं की मनगटाला डावीकडून गुदगुली होते, उजवीकडं असलं की उजवीकडून, सरळ जायचं असलं की मधोमध हलकी टिचकी; रोजची थांबायची जागा आली की सगळं बंद. पट्टा सैल होता, त्याच्या मापाचा. नदीवरून धुकं आलं होतं आणि दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. मी नुसती मनगट सांगेल तशी चालत राहिले. बेकरीपाशी घड्याळ थांबलं, मी थांबले. ते पुढं निघालं, मी निघाले. कुणीतरी हात धरून नेत होतं आणि मला ते हवं होतं. त्या वाटेनं मी अशीच कितीही चालले असते.

उसाच्या कडेनं, घाटाच्या खालच्या अंगाला घड्याळ थांबलं ते पुन्हा हललं नाही. समोर उपसा सिंचनाचं जुनं पंपहाऊस होतं. मोटारीचा आवाज येत होता. दाराशी दोन स्टुलं होती आणि एका स्टुलावर माझा दीर बसला होता, सुकुमार.

वीस वर्षं आम्ही बोललो नव्हतो. माझ्या सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा सुकुमार भाऊजींनी त्यांना मला न विचारता घरी नेलं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. भेटायला आलेल्या चाळीस माणसांसमोर मी म्हटलं, तुम्ही मारलंत आईंना. आणि घरी येऊन भूपालला सांगितलं, यापुढं त्यांच्याशी बोललास तर मला विसर. भूपालनं मान डोलावली होती. त्याच्या अंत्यसंस्काराला भाऊजी आले होते, लांब बाभळीखाली उभे होते. मी तोंड फिरवलं होतं.

ते उठून उभे राहिले. "वहिनी? तुम्ही हिकडं कुठं?"

"भूपाल इथं यायचा."

"न्हाई ओ. दादाची नि माझी गाठ कुठली? तुम्हीच बंद केलं होतं की."

मी घड्याळ दाखवलं. रोजची सेहेचाळीस मिनिटं, इथं.

"घड्याळाला काय कळतंय," ते म्हणाले आणि दुसरं स्टूल पायानं आत सरकवलं.

"भाऊजी, त्याला कुत्रं चावलं होतं का?"

"मला काय ठाऊक?"

"त्याला रेबीज झाला होता. डोळ्यांत सापडलाय."

त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं आणि त्यांनी आत सरकवलेल्या स्टुलाकडं पाहिलं. मला ओळखू येत होतं ते. हा माणूस उगाच खोटं बोलत नव्हता, भावाला दिलेला शब्द पाळत होता. ओरडून हे निघणार नव्हतं. मला एवढीच एक रीत येते, ओरडायची, आणि ती इथं कामाची नव्हती.

"आईंना तुम्ही मारलं नव्हतं," मी म्हटलं.

दाराकडं वळलेले ते परत फिरले.

"मला तेव्हाही कळत होतं. दवाखान्यात आणखी आठ दिवस नळ्या घालून ठेवल्या असत्या, दुसरं काही झालं नसतं. त्यांना घरी जायचं होतं, तुम्ही नेलंत. मी असल्याच कामातली आणि मलाच विचारलं नाही, याचा राग होता नुसता. तो मी वीस वर्षं सोडला नाही. माझं चुकलं, भाऊजी."

ते आत गेले. मोटार बंद केली. एकदम एवढी शांतता झाली की नदीचं पाणी ऐकू यायला लागलं. बाहेर आले आणि स्टूल माझ्यासाठी पुन्हा पुढं ओढलं.

"बसा," म्हणाले. "सहा वर्षं येत होता दादा. च्या प्यायचा, ब्रेड आणायचा पिल्लांस्नी. औंदा कुत्रीला चार झाली. त्यातलं एक तांबडं, त्याच्या लई मागं मागं. नऊ-दहा आठवडं झालं असतील, ते कसंबसंच करायला लागलं. उचलायला गेला तर बोटाला दात लागला. थेंबभर रक्त. म्या हळद दाबली. तिसऱ्या दिवशी पिल्लू मेलं, त्या लिंबाखाली पुरलंय."

"इंजेक्शन घ्यायचं सुचलं नाही दोघांना?"

"मी म्हटलं की, चल जाऊ. तर म्हणाला, सुकू, इंजेक्शन घेतलं की हिच्या फोनवर येतंय. कुठं चावलं म्हणून विचारलं तर काय सांगू?"

आमच्या जिल्ह्यात आता अख्ख्या घराचं मोबाइलवर एकच आरोग्याचं खातं असतं. कुणी कुठंही सुई टोचून घेतली की घरच्यांच्या फोनवर निरोप येतो. चांगली सोय आहे, मीच भूपालला ते सुरू करून दिलं होतं. आता ऐका. माझ्या नवऱ्याला त्याच्या सख्ख्या भावाला भेटल्याचं माझ्यापासून लपवायचं होतं, म्हणून तो लस न घेता घरी आला. माझ्या शेजारी जेवला, झोपला, हाताला मुंग्या येतात म्हणाला. आणि मी फॉर्मवर नाही लिहायला लावलं. मी तिथं त्या स्टुलावर बसून रडले, भाऊजी लांब नदीकडं बघत उभे राहिले. त्यांनी समजूत घातली नाही ते बरं केलं.

डोळे पुसल्यावर मी विचारलं, "आणि तुम्हाला?"

"मला काय?"

"पिल्लू तुमच्या अंगाशी आलं नाही?"

"चावलं न्हाई मला." मग म्हणाले, "नखं लागली हुती पायाला. त्याला काय चावणं म्हणत न्हाईत."

त्यांनी पँट वर केली. घोट्याच्या वर दोन पांढरट रेघा होत्या, मुळीच लक्षात न येण्यासारख्या.

"चाटलं होतं तिथं?"

"पिल्लूच ते, चाटणारच की."

मी त्यांना हाताला धरून उठवलं. मोटारीचं काय, पाणी सोडायचं राहिलंय, शेतकरी बोंब मारतील, असं ते म्हणत होते आणि मी चालवत होते. वाटेतच मी शाहीनला कळवलं, तिनं दवाखान्यात फोन करून ठेवला. घोट्याच्या त्या दोन रेघांभोवती सुया मारल्या, मग दंडात लस. भाऊजी माणूस आडदांड, पण घोट्यापाशी सुई शिरली तसा माझा हात घट्ट धरला आणि सुई निघाल्यावरही बराच वेळ सोडला नाही.

डॉक्टर तरुण होता. त्यानं उगाच धीर दिला नाही. "ही आता शर्यत आहे. विषाणू नसांतून मेंदूकडं सरकत असतो, दिवसाला थोडा थोडा. लसीचं संरक्षण त्याच्या आधी तयार झालं तर जिंकलो. पायाची जखम आहे, मेंदू लांब आहे, एवढीच जमेची बाजू."

"तुमच्या त्या खोलीत बघता येत न्हाई व्हय, उजेड पडतोय का?" भाऊजींनी मला विचारलं.

"जिवंत माणसाचं नाही बघता येत."

"मग कळायचं कसं?"

डॉक्टरच म्हणाला, "पहिले तीन महिने महत्त्वाचे. पाणी गिळताना घसा आवळला, तर सांगा."

सांगून काय होणार हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

त्याच दुपारी त्या दोन बशा नियमाप्रमाणं भट्टीत गेल्या. शाहीन म्हणाली, तुम्ही थांबू नका. मी थांबले. भट्टीचं दार बंद करायच्या आधी तिनं खोलीतला दिवा लावला नाही, आणि मी पुन्हा एकदा तो निळा रंग पाहिला. मला त्याचा राग आला नाही. जिवंतपणी जे सांगायला माझा नवरा मला भीत होता ते त्यानं सांगून टाकलं होतं. जा आता, मी म्हटलं.

भाऊजींना मी घरी आणलं. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली, पंपहाऊसच्या खोलीत एकटे राहायचे. रात्री-अपरात्री काही झालं तर बघणार कोण? नको नको म्हणत होते. मी म्हटलं, तीन महिने माझ्या नजरेसमोर राहायचं, मग कुठं जायचं तिथं जा. उंबऱ्यापाशी ते अडखळले. वीस वर्षांत पायरी चढले नव्हते.

घरी आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, ही साधी रीत. मी तांब्याभर पाणी आणलं, फुलपात्र भरलं आणि पुढं केलं. त्यांनी घेतलं. मी त्यांच्या घशाकडं बघत होते. गाठ वर गेली, खाली आली. एक घोट, दुसरा, तिसरा. पाणी संपलं तेव्हा मी श्वास सोडला.

मग रोज सकाळी हेच. उठले की मी फुलपात्र घेऊन उभी. सुरुवातीला त्यांना अवघडायचं. "असं बघू नका वहिनी, ठसका लागंल," म्हणायचे. एकदा खरंच लागला. खोकताना डोळ्यांत पाणी आलं, चेहरा लाल झाला, आणि माझ्या हातातला तांब्या खाली पडला. त्यांनी हात हलवून दाखवलं, काही नाही, हसू आलं म्हणून. मी त्या दिवशी कामावर गेले नाही. दुपारी पुन्हा पाणी दिलं, संध्याकाळी पुन्हा दिलं. ते दोन्ही वेळा प्यायले.

मोटारीकडं जायचे ते दिवस मावळायच्या आत परत यायचे, कारण जेवण आम्हा जैनांच्या घरी दिवस मावळायच्या आत. जेवताना भूपालच्या गोष्टी सांगायचे. पिल्लांची नावं त्यानं काय ठेवली होती, नदीला पूर आला तेव्हा तो कसा घाबरला. माझ्यावर काय काय बोलायचा तेही सांगितलं. सगळं काही चांगलं नव्हतं. माझ्या नवऱ्याची रोजची सेहेचाळीस मिनिटं मला अशी हप्त्याहप्त्यानं मिळत गेली. मी त्याला आता पूर्वीपेक्षा जास्त ओळखते आणि ते सांगायला तो नाही, याचं फार वाईट वाटतं.

एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी त्यांनी पाणी प्यायलं, फुलपात्र उपडं करून दाखवलं आणि म्हणाले, "झालं की ओ तीन महिने."

"झालं," मी म्हटलं. खुर्ची ओढली आणि बसले.

ते उठले. फुलपात्र विसळलं, स्वतः तांब्यातून पाणी ओतलं आणि माझ्यासमोर आणून धरलं.

"हे काय?"

"दादाच्या उष्ट्या कपातला च्या तुम्हीच प्यायच्या की रोज. तुम्हाला दोनच सुया दिल्या. तीन महिने तुमच्याकडं कुणी बघितलंच न्हाई."

मी सांगणार होते, की माझी लस आधीची आहे, दोन पुरतात, धोका फार नव्हता. नाही सांगितलं. फुलपात्र घेतलं आणि प्याले. ते समोर उभे राहून माझ्या घशाकडं बघत होते, शेवटचा घोट उतरेपर्यंत.